चुंबक सांगेल तलावाची पातळी

नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या धानपट्ट्यात रोवणीचे दिवस आले की सगळ्यांचे डोळे मामा (माजी मालगुजारी) तलावांकडे लागतात. यातले कितीतरी तलाव कोहळी समाजाने बांधलेले; मालगुजारी गेली आणि ते सरकारकडे आले. आत पाणी किती, हे अनेक गावांत आजही पाळीवर उभे राहून नजरेनेच ठरते. हे मोजमाप शाळा-कॉलेजातली मुले तीन पायांच्या एका छोट्या सेन्सरवर करू शकतात.

हा ॲनालॉग हॉल सेन्सर. सोन्याच्या वर्खातून वीज वाहत असताना चुंबकाच्या प्रभावाने वर्खाच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज तयार होते, हे एडविन हॉल यांनी 1879 मध्ये अमेरिकेत दाखवले. आजच्या सेन्सरमध्ये तेच काम अर्धवाहकाची चकती करते. विकत घेताना मात्र अंगावरचा आकडा वाचलाच पाहिजे. 3144 चुंबक आहे की नाही एवढेच सांगतो. ‘किती’ हे सांगतो तो 49ई. दिसायला दोघे सारखेच. 49ईला 5 व्होल्ट दिले की चुंबक नसताना तो 2.5 व्होल्ट दाखवतो. एका ध्रुवाने आकडा चढतो, दुसऱ्याने उतरतो, गॉसमागे सुमारे 1.4 मिलिव्होल्ट.

आता तलावाची रचना. मीटरभर लांब दांडीच्या एका टोकाला तरंगणारा डबा, दुसरे टोक आडव्या आसात पक्के. आसाच्या तोंडावर निओडिमियम चुंबक असा चिकटवायचा की त्याचे ध्रुव दांडीच्या दिशेने राहतील. समोर थोड्या अंतरावर, आसाच्याच रेषेत सेन्सर, छापील बाजू आभाळाकडे. दांडी वर-खाली झाली की डबा कोनाच्या साइनप्रमाणे उचलला जातो आणि सेन्सरला जाणवणारे क्षेत्रही त्याच साइनप्रमाणे बदलते. त्यामुळे व्होल्टेज थेट पाण्याच्या उंचीच्या प्रमाणात मिळते, त्रिकोणमितीचे कोष्टक लागत नाही. शाळेतले गणित इतके चपखल कामाला आलेले क्वचितच दिसते.

सेन्सरपाशी चुंबकाचे क्षेत्र 600 गॉस मिळाले, तर दांडी आडवी असल्यापासून पूर्ण उभी होईपर्यंत 840 मिलिव्होल्टचा फरक पडतो. हे व्होल्टेज आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर वाचायचे. त्याच्या मोजणीची एक पायरी सुमारे 4.9 मिलिव्होल्टची, म्हणजे पाण्याच्या साधारण 6 मिलिमीटरची. गावाच्या कामाला एवढे पुरेसे आहे.

खरी परीक्षा उन्हाची. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, जानेवारीच्या पहाटे तो 10च्या आसपास असतो. निओडिमियम चुंबक दर अंशाला सुमारे 0.12 टक्के कमजोर होतो. या फरकात 4 टक्क्यांची घट होते आणि मीटरभर उंचीवर ती 4 सेंटिमीटरची चूक ठरते. पण दांडी आडवी असताना चुंबकाचा जोर कितीही असो, सेन्सरला काहीच जाणवत नाही, आकडा मधल्या ठिकाणीच राहतो. म्हणून सांडव्याच्या माथ्याची पातळी आडव्या दांडीशी जुळवावी. जी पातळी सर्वांत महत्त्वाची, तिथे चुंबकाच्या तापण्याचा परिणाम उरत नाही. बॅटरी उतरली तर? सेन्सरचा आकडा पुरवठ्याच्या प्रमाणात उतरतो. उनो आणि सेन्सर एकाच 5 व्होल्टवर चालवले, तर मोजपट्टीही सोबतच आखूड होते आणि वाचन बिघडत नाही.

गडचिरोलीत एक शंका हमखास निघते: सुरजागडचा लोखंडी डोंगर या सेन्सरला गोंधळवेल का? तिथले खनिज मुख्यतः हेमॅटाइट, चुंबकत्वाने अगदी दुबळे. पृथ्वीचे क्षेत्रही इथे 0.4 गॉसच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मिलिव्होल्टची हालचाल. उनोच्या एका पायरीच्या नवव्या भागाएवढी. डोंगराची काळजी नको. काळजी करायची ती जवळच्या लोखंडाची. आस पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा घ्यावा, खिळे-स्क्रूही तसेच, आणि सेन्सर गेटच्या लोखंडी चौकटीपासून दूर बसवावा.