गळाची काठी : किती लवते आणि कुठे लवते?

चांगला पाऊस होऊन नद्यानाल्यांना पाणी आले, की पूर्णा, मोर्णा, काटेपूर्णा, शहानूर यांच्या काठी गळ टाकून बसलेली मुले दिसू लागतात. त्यांतल्या एखाद्या जाणत्या मुलाबरोबर बुरुडाकडे काठी घ्यायला जाऊन पाहावे. तो ढिगातून एकेक बांबू उचलतो, बुंध्याकडे मुठीत धरतो, हवेत एक झटका देतो आणि खाली ठेवतो. आठ-दहा काठ्या अशा बाजूला पडल्यावर एक त्याच्या पसंतीस उतरते. का, म्हणून विचारले तर उत्तर मिळते, “ही चांगली लवते.”

त्या एका झटक्यात त्याला नेमके काय कळले? या प्रश्नाच्या मागे गेलो तर शाळेच्या पुस्तकातले बरेचसे यंत्रशास्त्र आपल्या हाती लागते.

आता बाजारात फायबर ग्लासच्या आणि कार्बनच्या तयार काठ्याही मिळतात. काही हौशी मंडळी तयार काठी न घेता मूठ, कड्या, रीळ यांपैकी काहीच न बसवलेली नुसती निमुळती नळी घेतात आणि बाकीची जोडणी स्वतः करतात. या नुसत्या नळीला ‘ब्लँक’ म्हणतात. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या बास या माशासाठी अशा काठ्या बनवण्याचा मोठा छंद आहे. बास आपल्याकडचा मासा नव्हे. पण पाणवनस्पतींच्या आडोशाला दबून बसायचे आणि भक्ष्य टप्प्यात येताच झडप घालायची, ही त्याची रीत आपल्या मरळीसारखीच आहे. त्यामुळे ब्लँक निवडताना त्यांना जे प्रश्न पडतात, तेच वऱ्हाडातल्या मुलालाही बांबू निवडताना पडतात.

काठीची तीन कामे

गळाला काठी कशासाठी हवी? एक, आमिष दूर फेकण्यासाठी. झटका देताना काठी वाकते, तिच्यात ऊर्जा साठते आणि सरळ होताना ती ऊर्जा आमिषाला मिळते. दोन, मासा लागताच गळ त्याच्या तोंडात रुतवण्यासाठी. तीन, माशाचे हिसके सोसण्यासाठी.

तिसरे काम आकड्यांनी पाहू. समजा, १ किलोचा मासा सेकंदाला २ मीटर वेगाने पळतो आहे. त्याची गतिज ऊर्जा २ ज्यूल झाली. तंगूस आणि काठी दोन्ही अगदी ताठ असून तो १ सेंटीमीटरमध्ये थांबला, तर सरासरी बल २०० न्यूटन होईल, म्हणजे सुमारे २० किलो वजनाएवढे. काठी लवत गेली आणि तो ५० सेंटीमीटरमध्ये थांबला, तर बल फक्त ४ न्यूटन. प्रत्यक्षात तंगूसही थोडा ताणतो आणि मासा पोहतच राहतो, म्हणून हे आकडे केवळ तुलनेसाठी घ्यावेत. पण लवणारी काठी तंगूस कसा वाचवते, हे त्यावरून स्पष्ट होते.

पहिल्या दोन कामांना काठी ताठ हवी आणि तिसऱ्याला लवचीक. निवडीचा सगळा पेच येथेच आहे.

दोन मिलिमीटरचा फरक

काठी वाकली की तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधला भाग जवळजवळ आहे तसाच राहतो. म्हणून वाकण्याला खरा विरोध करतो तो बाहेरचा थर. भरीव गोल काठीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. १० मिलिमीटर जाडीच्या काठीऐवजी १२ मिलिमीटरची घेतली तर १.२ चा चौथा घात, म्हणजे सुमारे २.०७. जाडी जेमतेम पाचव्या हिश्शाने वाढली आणि ताठपणा दुप्पट झाला!

लांबीचा परिणाम उलट दिशेने होतो. टोकाला तेच वजन टांगले तर टोक किती खाली जाईल, हे लांबीच्या घनावर अवलंबून असते. काठी दुप्पट लांब केली की टोक आठपट खाली जाते.

मधला भाग फारसे काम करत नसेल, तर तो काढून का टाकू नये? निसर्गाने हेच केले आहे. ज्या नळीचा आतला व्यास बाहेरच्या व्यासाच्या निम्मा आहे, तिचे वजन भरीव काठीपेक्षा एक चतुर्थांशाने कमी भरते, पण ताठपणा सोळाव्या हिश्शानेच घटतो. बांबू याच्याही पुढे गेला आहे. त्याचे आडवे काप भिंगातून पाहा. तंतूंचे गडद ठिपके बाहेरच्या सालीजवळ दाट आणि आतल्या बाजूला विरळ दिसतील. बळकट द्रव्य नेमके जिथे लागते तिथेच आहे. म्हणूनच काठी गुळगुळीत करण्यासाठी बाहेरची साल खरवडून काढू नये.

निमुळतेपणाचे गणित

टोकाला वजन टांगले की काठीच्या कुठल्याही ठिकाणी पडणारा वाकवण्याचा जोर त्या जागेच्या टोकापासूनच्या अंतराप्रमाणे वाढतो. मुठीजवळ तो सर्वांत जास्त असतो. सगळीकडे सारखी जाड काठी मुठीजवळ मोडते आणि टोकाकडचे द्रव्य उगाच ओझे होऊन राहते. सगळीकडे ताण सारखा पडावा असे वाटत असेल, तर व्यासाचा घन टोकापासूनच्या अंतराच्या प्रमाणात हवा. टोकापासून १ फुटावर काठी ६ मिलिमीटर असेल, तर ८ फुटांवर १२ मिलिमीटर पुरे. कारण २ चा घन ८.

हा निमुळतेपणा कमी-जास्त केला की काठीची ढब बदलते. टोकाकडचा तिसरा हिस्साच लवला तर तिला जलद ढबीची काठी म्हणतात. लवण मुठीपर्यंत उतरली तर ती संथ ढबीची. ताठपणा आणि ढब या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. किती लवते हा एक प्रश्न आणि कुठे लवते हा दुसरा. दुकानात पहिलाच प्रश्न विचारला जातो आणि फसगत होते ती दुसऱ्यात.

मरळीसाठी जलद ढब आणि ताठ बुंधा बरा. कारण झडप बसताच गळ रुतवून मासा गवताबाहेर ओढावा लागतो. मोकळ्या पाण्यात रोहू-कटल्यासाठी लांब व खोलवर लवणारी काठी बरी. मासा लांबवर धावतो तेव्हा ती त्याच्यासोबत लवते आणि तंगूस सैलही पडत नाही, तुटतही नाही.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

हे दोन्ही गुण मोजण्याची एक सोपी रीत विल्यम हॅनमन या अमेरिकन गृहस्थांनी २००३ च्या सुमारास सुचवली. तिला साधने लागतात ती नाणी, पिशवी आणि कोनमापक एवढीच.

काठीचा बुंधा टेबलाच्या कडेला आडवा, घट्ट बांधा. बाहेर राहिलेली लांबी मोजा. टोकाला प्लॅस्टिकची छोटी पिशवी अडकवून तीत एकेक नाणे टाकत जा. टोक लांबीच्या एक तृतीयांशाइतके खाली आले की थांबा. पिशवीतले वजन हे काठीच्या ताठपणाचे माप. आता टोकाचा शेवटचा भाग आडव्या रेषेशी किती अंशांचा कोन करतो ते पाहा. हे ढबीचे माप. हॅनमन यांच्या पद्धतीत ६६ अंशांहून मोठा कोन म्हणजे जलद ढब आणि ५९ अंशांहून लहान कोन म्हणजे संथ ढब.

आपल्याकडे एक रुपयाची जुनी व नवी नाणी सारख्या वजनाची नाहीत. म्हणून नाण्यांऐवजी वाळू टाकावी आणि शेवटी ती तराजूत तोलावी. वजन निसटल्यास टोक जोरात उसळते, तेव्हा कोणाचाही चेहरा काठीच्या वर येऊ देऊ नका.

तुलनेसाठी सगळीकडे सारखी रुंद अशी प्लॅस्टिकची लांब पट्टीही घ्या. टोक एक तृतीयांश खाली आल्यावर तिचा कोन तीस अंशांच्या आसपासच भरेल. खाली येणे तेवढेच, पण कोन निम्म्याच्या जवळपास! हा फरक केवळ निमुळतेपणाचा आहे, हे विद्यार्थ्यांना स्वतः शोधू द्यावे.

आपला बांबू आणि जगाच्या काठ्या

अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या डोंगरांत मुख्यतः आढळणारा बांबू म्हणजे मानवेल, शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. त्याची एक गंमत आहे. ओलाव्याच्या जागी तो पोकळ वाढतो, पण कोरड्या, खडकाळ उतारावर त्याच्या भिंती जाड होतात आणि पुष्कळदा तो जवळजवळ भरीव निघतो. लाठ्या आणि भाल्यांचे दांडे याच भरीव बांबूचे होत. त्यामुळे एकाच जातीच्या दोन काठ्यांत मोठा फरक पडतो आणि प्रत्येक काठी हातात घेऊन पाहावी लागते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या चिरफळ्या जोडून काठ्या बनवण्याची कला वाढली. पेनसिल्व्हेनियातील सॅम्युअल फिलिप यांचे नाव तिच्या सुरुवातीला घेतले जाते. पुढे हायरम लेनर्ड यांनी सहा चिरफळ्यांच्या षट्कोनी काठ्या नावारूपाला आणल्या. त्यासाठी लागणारा बांबू भारतातून जाई. तिकडे त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत आणि तो बहुतांशी मानवेलच होता, असे मानले जाते. पण येणाऱ्या मालावर डागण्यांच्या खुणा असत, किडीची भोके असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दक्षिण चीनमधल्या सरळ, लांब कांड्यांच्या ‘टोंकिन’ बांबूने त्याची जागा घेतली. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवला, तेव्हा टोंकिन मिळेनासा झाला आणि तोवर आलेल्या फायबर ग्लासला मोकळे रान मिळाले. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथे विमानांसाठी मजबूत कार्बनतंतू तयार झाला आणि १९७० च्या दशकात तो काठ्यांत आला.

कार्बनमध्ये असे काय आहे? ताणाला विरोध करण्याचे माप, म्हणजे यंगचा गुणांक, काचतंतूचा सुमारे ७० गिगापास्कल, पोलादाचा २०० आणि साध्या कार्बनतंतूचा सुमारे २३० असतो. शिवाय कार्बनची घनता काचेपेक्षा कमी. बांबूचा गुणांक १० ते २०, पण त्याची घनता पाण्याहूनही कमी. कार्बनची काठी बारीक आणि हलकी राहूनही ताठ असते. मात्र दगडावर आपटून ओरखडा पडला तर ती तिथेच अचानक तुटू शकते. फायबर ग्लास जड पडते, पण रांगडा वापर सोसते. म्हणून केवळ ‘कार्बन’ हा शब्द वाचून जास्त पैसे मोजण्यापूर्वी वाळूची पिशवी टांगून पाहावी.

नळीची आणखी एक परीक्षा आहे. टोक गुळगुळीत फरशीवर टेकवून, काठी मधे दाबून बोटांनी हळूच फिरवा. एका विशिष्ट स्थितीत ती आपोआप उडी मारून स्थिर होते. नळीची भिंत सगळीकडे अगदी सारखी नसते, याची ही खूण. कड्या कोणत्या बाजूला बसवायच्या, हे कारागीर त्यावरून ठरवतात.

बांबू घेताना

बांबू किमान तीन वर्षांचा असावा. कोवळा बांबू हिरवागार चकचकीत असतो. त्यात पाणी जास्त असल्यामुळे तो वाळताना सुरकुततो. जून बांबूचा रंग मंदावलेला असतो, पेरांवरची आवरणे गळून गेलेली असतात आणि टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज येतो. पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू घ्यावा. तेव्हा त्यातला पिष्टाचा साठा कमी असतो आणि पिष्टावर जगणारे भुंगे त्याला कमी लागतात. तो सावलीत वाळवावा. वाकडे पेर धगीवर शेकून सरळ करता येते. उष्णतेने बांबूतले लिग्निन मऊ होते आणि थंड होताना नवा आकार धरून ठेवते. बुरुडांचे हे कौशल्य विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावे. मेळघाटात धारणीजवळ लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्रातही बांबूकामाचे शिक्षण दिले जाते.

१९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना वृक्षांत होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर लावलेल्या बांबूला ती लागू राहिली नाही. शाळेच्या आवारात मानवेलाचे एक बेट लावले, तर पुढच्या तुकड्यांना प्रयोगाचे साहित्य घरचेच मिळेल.

तीन गोष्टी मात्र विद्यार्थ्यांना आवर्जून सांगा. कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा गडगडाट असताना कार्बनची काठी उभारणे जिवावर बेतू शकते, आणि ओला बांबूही अशा वेळी सुरक्षित नाही. दुसरे, अभयारण्यातून बांबू किंवा मासे आणायचे नाहीत. धरणांवरही मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा परवानगी घ्यावी. तिसरे, लालसर पिलांच्या थव्यासोबत फिरणारी मरळ पकडू नये. राखण गेल्यावर पिले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.

आता त्या मुलाच्या झटक्याकडे परत येऊ. झटक्यानंतर टोक थरथरते. ही थरथर किती जलद होते, हे ताठपणा आणि वजन यांच्या गुणोत्तरावर ठरते. लवण मुठीपर्यंत जाणवते की टोकाशीच राहते, हे हाताला कळते. म्हणजे ताठपणा, वजन आणि ढब या तिन्हींचा अंदाज त्याने एका क्षणात घेतलेला असतो. वर्गात त्याच मुलाला दहा काठ्या पसंतीच्या क्रमाने लावायला सांगा. नंतर इतरांनी वाळूची पिशवी टांगून मापे घ्यावीत आणि दोन्ही क्रम फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. ते कुठे जुळले आणि कुठे जुळले नाहीत, हे आम्हाला जरूर कळवा.