छायाचित्रकाराचा व्यावसायिक दायित्व विमा

लग्नसराई सुरू झाली की माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या वर्गातली काही मुले शुक्रवार दुपारपासून दिसेनाशी होतात. ती कुठे असतात हे मला ठाऊक असते: कुणाच्या तरी मांडवात, खांद्यावर दोन कॅमेरे अडकवून. महाविद्यालयाच्या छायाचित्रण मंडळाचे काम माझ्याकडे असल्याने त्यांचे व्यवहारही कानावर येतात. विमा उतरवला आहे का, असे विचारले तर बरेच जण ‘हो सर’ म्हणतात. उतरवलेला असतो तो कॅमेऱ्याचा.

कॅमेरा चोरीला गेला किंवा पाण्यात पडला तर नुकसान तुमचे होते आणि उपकरणांचा विमा ते भरून देतो. पण तुमच्या कामामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले आणि ते भरून देण्याची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर आली, तर तो विमा उपयोगाचा नाही. त्यासाठी लागतो तो दायित्व विमा. तो नेमके काय करतो आणि काय करत नाही, हे या टिपणात पाहू. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण फसगत तिथेच होते.

जबाबदारी येते कुठून?

तुम्ही आगाऊ रक्कम घेतलीत त्या क्षणी करार झाला. कागद नसला, सगळे व्हॉट्सॲपवर ठरले असले, तरी झाला. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७३ नुसार करार मोडणाऱ्याने त्यातून स्वाभाविकपणे होणारे नुकसान भरून द्यायचे असते. दूरान्वयाने होणारे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याची वाट मात्र तुमच्या ग्राहकाला अधिक जवळची आहे. पैसे घेऊन केलेले छायाचित्रण ही ‘सेवा’ आहे, आणि त्यात राहिलेली उणीव म्हणजे ‘सेवेतील त्रुटी’. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, म्हणजे जवळपास प्रत्येक लग्न तिथेच येते. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि घटनेपासून २ वर्षांपर्यंत मुदत असते. आयोग पैसे परत करायला लावू शकतो, शिवाय मानसिक त्रासाबद्दल वेगळी भरपाई देऊ शकतो. आजीचा शेवटचा फोटो त्याच कार्डावर होता, हे वाक्य आयोगासमोर हलके ठरत नाही.

कंपनीच्या मालाची छायाचित्रे काढत असाल तर चित्र वेगळे. व्यापारी हेतूने सेवा घेणारा या कायद्याच्या अर्थाने सहसा ‘ग्राहक’ नसतो. तो दिवाणी न्यायालयात जाईल आणि त्याचा आकडाही मोठा असेल.

यात आणखी एक गोष्ट मुलांना धक्का देते. स्टुडिओ एकट्याच्या मालकीचा असेल तर स्टुडिओचे देणे आणि तुमचे देणे यांत कायदा फरक करत नाही. हुकूमनामा झाला तर वसुली तुमच्या वैयक्तिक मालमत्तेतूनही होऊ शकते.

दोन वेगळी दायित्वे

काही वर्षांपूर्वी आमच्या स्नेहसंमेलनात वाऱ्याच्या झोताने दिव्याचा स्टँड सॉफ्टबॉक्ससकट आडवा झाला. पडला तो रिकाम्या खुर्चीवर. मिनिटभर आधी तिथे एका विद्यार्थ्याची आई बसलेली होती. त्या खुर्चीत माणूस असता तर उपचाराचा खर्च मागितला गेला असता, आणि ती मागणी ‘सार्वजनिक दायित्व’ या सदरात गेली असती: शारीरिक इजा किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेची मोडतोड. फोटो चुकले, हरवले, वेळेत मिळाले नाहीत, हे दुसरे सदर. ती व्यावसायिक चूक; तिच्यासाठी ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ पॉलिसी असते. एकात दुसरे आपोआप येत नाही. घेताना दोन्ही विचारा.

नावावरून एक घोटाळा होतो तोही इथेच मिटवू. भारतात ‘सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१’ आहे, पण तो भोपाळच्या दुर्घटनेनंतर धोकादायक रसायने हाताळणाऱ्या उद्योगांसाठी आला. त्याचा तुमच्या दिव्याच्या स्टँडशी संबंध नाही. छायाचित्रकारावर दायित्व विम्याची सक्ती नाही. अपवाद ड्रोनचा. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला तर बाकी ड्रोनला तृतीय पक्ष विमा हवा. मोटार वाहन कायद्यातल्या त्याविषयीच्या तरतुदीच ड्रोनला लावल्या आहेत. वरातीवरून ड्रोन उडवणाऱ्यांपैकी किती जणांकडे हा कागद असतो, हे तुम्हीच आसपास विचारून पाहा.

रोजंदारीवर आणलेला मदतनीस शिडीवरून पडला तर? तो बहुधा तुमचा कामगार ठरतो, ‘तृतीय पक्ष’ नव्हे, आणि या दोन्ही पॉलिसींत तो सहसा बाहेर असतो. त्याच्यासाठी कर्मचारी भरपाईचा वेगळा विमा असतो.

कार्ड गेले: हिशेब करून पाहू

आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. एका लग्नाचे मानधन १,२०,००० रुपये. मेमरी कार्ड बिघडले, मुख्य विधींची छायाचित्रे गेली. आयोगाने आदेश दिला: मानधन परत, मानसिक त्रासाबद्दल ५०,०००, तक्रारीचा खर्च १०,०००. तुमच्या वकिलाचे ४०,००० झाले. एकूण भार २,२०,०००. तुमच्याकडे १० लाखांची पॉलिसी आहे आणि प्रत्येक दाव्यात पहिले २५,००० तुम्ही सोसायचे, असे तिच्यात लिहिले आहे.

मुले पटकन उत्तर देतात: कंपनी १,९५,००० देईल. तसे होत नाही. मानधन परत करणे ही नुकसानभरपाई नव्हे. न केलेल्या कामाचे पैसे तुमच्याकडे राहू नयेत एवढाच त्याचा अर्थ. म्हणून अनेक पॉलिसींत मानधनाचा परतावा वगळलेला असतो. उरले १,००,०००. त्यातून तुमचा वाटा २५,००० वजा. कंपनी देईल ७५,०००. तुमच्या खिशातून जातील १,४५,०००. आणि तेही मानसिक त्रासाची भरपाई पॉलिसीच्या शब्दांत बसत असेल तर, आणि डिजिटल माहिती नष्ट होणे हा अपवाद म्हणून वगळलेला नसेल तर. छायाचित्रकाराच्या सर्वांत मोठ्या भीतीसाठी नेमके हेच दोन मुद्दे निर्णायक आहेत. हप्ता किती, हे विचारण्याआधी ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

मग विमा घ्यायचा तरी कशासाठी? ७५,००० साठी नव्हे. घ्यायचा तो मोठ्या, क्वचित येणाऱ्या आकड्यासाठी: जाहिरातीचे चित्रीकरण फसले, मॉडेल, सेट, जागेचे भाडे सगळे पुन्हा करावे लागले, आणि कंपनीने १५ लाख मागितले. लहान नुकसान स्वतः सोसायचे आणि आपल्याला बुडवेल असे नुकसान दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचे, हे विम्याचे गणित. वकिलाचा खर्च हाही विम्याचा मोठा भाग असतो, कारण निराधार तक्रारीलाही उत्तर द्यावेच लागते. फक्त तो खर्च १० लाखांच्या मर्यादेच्या आत मोजतात की वेगळा, हे पाहा.

करारातही जपून लिहा. ‘फोटो हरवल्यास ५ लाख देऊ’ असे ग्राहकाला खूश करण्यासाठी लिहिलेत, तर कायद्याने आली नसती अशी जबाबदारी तुम्ही ओढवून घेतली. असे वाढीव वचन पॉलिसीत सहसा बसत नाही. उलट ‘आमची जबाबदारी मानधनापुरतीच’ हे कलम जरूर घाला, पण ते अभेद्य समजू नका. २०१९ च्या कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना आहे आणि एकतर्फी कलम आयोग बाजूला ठेवू शकतो.

तारखांची भानगड

वाहन विम्यात अपघात ज्या दिवशी झाला त्या दिवशी पॉलिसी चालू असली की पुरते. व्यावसायिक दायित्व विमा बहुधा तसा नसतो. इथे दावा ज्या दिवशी तुमच्यावर केला गेला त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, आणि चूक ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’ या नावाने पॉलिसीत छापलेल्या तारखेनंतरची असावी लागते. दोन्ही अटी एकाच वेळी.

समजा, डिसेंबर २०२४ मध्ये लग्न झाले, तेव्हा पॉलिसी होती. जून २०२५ मध्ये तुम्हाला नोकरी लागली, छायाचित्रण थांबले, नूतनीकरण केले नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये नोटीस आली. हप्ता भरला होता त्या वर्षातलीच चूक आहे, तरी कंपनी नाही म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. ग्राहक तक्रारीची २ वर्षांची मुदत आठवा: काम थांबवले तरी तेवढा काळ तरी संरक्षण चालू ठेवण्याची सोय आहे का, हे आधी ठरवावे लागते. कंपनी बदलतानाही जुनी रेट्रोॲक्टिव्ह तारीख नव्या पॉलिसीत कायम ठेवून मागा, नाहीतर मागची सगळी वर्षे उघडी पडतात.

याच कारणाने, चूक झाल्याचे कळताच कंपनीला लेखी कळवा. नोटिशीची वाट पाहू नका. आणि ग्राहकाला ‘सगळी चूक माझीच, म्हणाल ते देतो’ असा संदेश रात्री अकरा वाजता पाठवू नका. दिलगिरी व्यक्त करणे माणुसकीचे आहे, ती जरूर करा. पण कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल केली किंवा तडजोड केली तर दावा अडतो.

छायाचित्र कोणाचे?

हा प्रश्न विम्याचा वाटत नाही, पण आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो. म्हणजे नवरीचा तो सुंदर फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकलात, तर तुम्ही कदाचित दुसऱ्याची मालमत्ता वापरली. कॉपीराइटचा किंवा खासगीपणाचा भंग काही पॉलिसींत वगळलेला असतो, काहींत जादा हप्त्यावर मिळतो. करारात एक ओळ घालणे त्याहून स्वस्त: कामाचा नमुना म्हणून छायाचित्रे वापरण्यास ग्राहकाची संमती आहे.

घ्यायची कशी

डॉक्टर, सनदी लेखापाल, वास्तुविशारद यांच्यासाठी तयार पॉलिसी सहज मिळतात. छायाचित्रकाराला बहुधा ‘इतर व्यवसाय’ या गटातून मागावी लागते. एजंट विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, ब्रोकर तुमचा. अशा आडवळणाच्या पॉलिसीसाठी ब्रोकर बरा. प्रस्ताव अर्ज स्वतः भरा. विमा पूर्ण सद्भावनेवर उभा असतो: आधीची तक्रार, ड्रोनचा वापर, परगावची कामे लपवलीत तर पॉलिसी ऐन वेळी निरुपयोगी ठरू शकते. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तिथे निभावले नाही तर विमा लोकपालाकडे. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायांनाही ती वाट खुली आहे आणि तिला शुल्क नाही.

आता माझ्या मूळ विषयाकडे वळल्याशिवाय राहवत नाही. एक कार्ड बिघडण्याची शक्यता हजारात एक धरली, तर एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणाऱ्या कॅमेऱ्यात दोन्ही बिघडण्याची शक्यता दहा लाखांत एक. वर्गात हे गणित सगळ्यांना आवडते. पण ते खरे ठरते दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. दोन्ही कार्डे एकाच कॅमेऱ्यात, कॅमेरा एकाच पिशवीत, आणि पिशवी परतीच्या गाडीत राहिली, तर दोन्ही एकदमच गेली. यालाच आपण सामाईक कारणाने होणारा बिघाड म्हणतो. म्हणून मांडव सोडण्याआधी तिसरी प्रत लॅपटॉपवर घ्यायची आणि ती दुसऱ्या माणसाच्या हाती द्यायची. हप्ता भरूनही परत मिळत नाहीत ते फोटो याने मिळतात.

स्वाध्याय

वरच्या उदाहरणात मानधन ४०,००० रुपये आणि मानसिक त्रासाची भरपाई २,००,००० रुपये धरा. बाकी आकडे तेच. वकिलाचा खर्च मर्यादेच्या आत मोजला जातो. (अ) कंपनी किती देईल आणि तुम्ही किती? (आ) पॉलिसीची मर्यादा १० लाखांऐवजी २ लाख असती तर? (कंपन्यांची पद्धत वेगळी असू शकते, इथे आधी तुमचा वाटा वजा करा, मग मर्यादा लावा.) (इ) नोटीस नूतनीकरण चुकल्यानंतर दहाव्या दिवशी आली असती तर?