‘डू द नीडफुल’ : नेमके काय करावे?

शासकीय पत्रव्यवहारात काही इंग्रजी शब्दप्रयोग असे रुजले आहेत की, त्यांच्या अर्थाची चौकशी करण्याची गरज कोणास भासत नाही. ‘डू द नीडफुल’ हा त्यांपैकीच एक. वाशीम, रिसोड वा कारंजा येथील मराठी अर्जांतही तो ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ या वेषात अवतरतो.

हा प्रयोग मुळातच अशुद्ध होय, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ‘आवश्यक ते करावे’ या अर्थाने तो खुद्द इंग्लंडमध्ये प्रचारात होता. तेथे तो मागे पडला, आपल्या दप्तरांत मात्र टिकला. चूक होते ती त्याच्या रूपात आणि उपयोगात. मराठीत ‘द’सारखे उपपद नसल्याने ते गाळून ‘डू नीडफुल’ असे लिहिले जाते. ‘नीडफुल्स’ असे अनेकवचनही होत नाही. ‘प्लीज’ आणि ‘काइंडली’ एकाच वाक्यात योजल्याने विनय दुणावत नाही.

परंतु खरा प्रश्न औचित्याचा आहे. मागणी आधी स्पष्ट मांडली असेल, तर समारोपाला हा प्रयोग शोभतो. मागणीच्या जागी तो आला, की पत्र पोकळ होते. सातबाऱ्यावर नाव चुकीचे लागलेल्या शेतकऱ्याच्या अर्जात गट क्रमांक नाही, शुद्ध नाव नाही, केवळ ‘योग्य ती कार्यवाही’ आहे, असे समजा. तो कागद ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहणार. वस्तुतः लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दिला आहे. मात्र मुदत मोजावयाची, तर कोणती सेवा हवी हे अर्जात असलेच पाहिजे. संदिग्ध वाक्याची किंमत अर्जदारालाच मोजावी लागते.

नेमकेपणाची परंपरा या भूमीला परकी नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथे सापडलेल्या, चौथ्या शतकातील दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात राजवंशाचे वर्णन संस्कृतात आहे. पण दान दिलेले गाव, दान घेणारे आणि त्यांना मिळालेल्या सवलती हा व्यवहाराचा भाग प्राकृतात नोंदला आहे. गौरव राजभाषेत, काम लोकभाषेत, हा विवेक सोळाशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकांजवळ होता.

शाळांतून पत्रलेखन शिकविताना मायन्याइतकेच महत्त्व या प्रश्नांना दिले जावे : कोणी, काय आणि केव्हापर्यंत करावयाचे? त्यांची उत्तरे पत्रात असतील, तर ‘डू द नीडफुल’ लिहिल्याने बिघडत नाही. नसतील, तर ते लिहून काहीच साधत नाही.