बाटलींतील पाणी आणि न दिसणारे धातु

बाटलींतील पाणी स्फटिकासारखें स्वच्छ दिसतें, तेव्हां त्यांत तपासावयाचें तें काय, असा प्रश्न आमचे विद्यार्थी पुष्कळदां विचारतात. प्रश्न रास्त आहे. शिसें, कॅडमियम, पारा किंवा सोमलाचें मूलद्रव्य आर्सेनिक हीं अत्यल्प प्रमाणांत पाण्यांत विरघळलीं म्हणजे त्यांस ना रंग, ना वास, ना चव.

भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत दर लिटरमागें शिसें 0.01 मिलिग्रॅमपेक्षां अधिक असतां कामा नये, कॅडमियमला 0.003 व पाऱ्याला 0.001 इतकीच मुभा. हे आंकडे कागदावर क्षुल्लक वाटतात, म्हणून पुणेकरांच्या परिचयाचें माप घेऊं. दहा हजार लिटरांचे दहा टँकर भरावे आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम शिसें विरघळवावें, कीं मर्यादा गांठली! शाळेच्या प्रयोगशाळेंत शिशाच्या द्रावणांत हायड्रोजन सल्फाइड सोडतांच काळा साका बसतो. इतक्या विरळ द्रावणांत मात्र ती युक्ति लंगडी पडते.

मार्ग दाखविला तो प्रकाशानें, आणि तोहि खनिजजलाच्याच निमित्तानें. 1860 सालीं बुन्सेन व किर्खोफ यांनीं जर्मनींतील ड्यूर्कहाइमच्या झऱ्याचें पाणी आटवून उरलेला अंश ज्योतींत धरिला, तों वर्णपटांत दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. तोच सीझियम धातु. त्याचा पुरेसा अंश हातीं यावा म्हणून त्यांस सुमारें 40 टन पाणी आटवावें लागलें; आज चमचाभर नमुना पुरतो. धातूचे अणु जो प्रकाश फेंकतात तोच गिळतातहि. या गुणावरून मापन कसें करावें हें ऑस्ट्रेलियांतील ॲलन वॉल्श यांनीं 1955 सालीं मांडलें. शिसें शोधावयाचें तर दिवाहि शिशाचाच लावितात. पाण्याचा थेंब ग्रॅफाइटच्या नळींत दोन हजार अंशांच्या आसपास तापवितात, आणि दिव्याचा प्रकाश जितका मंदावेल तितकें शिसें अधिक.

परंतु खरी कसोटी यंत्राची नसून हाताची आहे. नमुना घेतांच त्यांत शुद्ध नायट्रिक ॲसिडाचे थेंब टाकावे लागतात. नाहीं तर धातु भांड्याच्या भिंतीस चिकटून बसतात आणि दूषित पाणी निर्दोष ठरतें. भांडें मळकें असेल तर नेमकें उलट घडतें. म्हणून अतिशुद्ध पाण्याचा एक कोरा नमुना त्याच वाटेनें नेऊन त्यांत सांपडेल तें वजा करितात. हा कंटाळवाणा भाग आहे, पण एवढी काटेकोरी लेंकरांसाठींच. पोटांत गेलेल्या शिशाचा प्रौढांपेक्षां कितीतरी मोठा वांटा मुलांच्या रक्तांत शोषला जातो, आणि तो मेंदूच्या वाढीच्या आड येतो.

बाटलीहि संशयांतून सुटत नाहीं. तिचें पीईटी प्लॅस्टिक तयार करितांना बहुधा अँटिमनीचें संयुग वापरतात, आणि पाणी सांठून राहिलें म्हणजे तो धातु हळूहळू त्यांत उतरतो, असें हायडेलबर्ग येथील शॉटिक व त्यांचे सहकारी यांनीं 2006 सालीं दाखविलें. उष्णतेनें ही क्रिया वाढते. प्रमाण बहुतेक मर्यादेच्या आंतच असतें, हें सांगणें न्यायाचें आहे. तरी मे महिन्यांत उन्हांत उभ्या मोटारींत आठवडाभर पडलेली बाटली आम्ही मुलांच्या हातीं देणार नाहीं.

कांहीं पालक म्हणतात, संशय आला तर पाणी उकळून घेऊं. उकळल्यानें जंतु मरतात. शिसें होतें तेथेंच राहतें, आणि वाफ निघून गेल्यामुळें उरल्या पाण्यांत किंचित् अधिकच भरतें.