कड्याची गाडी आणि गोपीनाथराव

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले, की आपण चकली नीट फुगली का आणि शंकरपाळे खुसखुशीत झाले का, याचीच चौकशी करतो. शंकरपाळ्यांत पडलेली साखर कुठून आली, असे कोणी विचारत नाही. विचारायचे झाले, तर उत्तर कोल्हापूर, सांगली किंवा नगर असे येईल. पण ज्या हातांनी तो ऊस तोडला, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहिला, ते हात बहुधा बीड जिल्ह्याचे असतात. आणि आपण फराळाला बसतो त्याच सुमारास ती माणसे घराला कुलूप लावून वाटेला लागलेली असतात.

ही वाट ज्या गावांवरून जाते, त्यांतले एक कडा. आष्टी तालुक्यातले हे बाजाराचे गाव, नगरहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आष्टीच्या अलीकडे लागते. निजामाच्या काळात नगर जिल्ह्याची हद्द ओलांडली की संस्थान सुरू होई; त्या शिवेजवळचे हे गाव. पाऊस बेताचा, त्यामुळे खरीप हाती आला तर आला. बाकीच्या दिवसांत पोट हातावर. दसरा सरला की ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसे पश्चिमेकडे निघतात. भांडी, अंथरूण, पिठाचा डबा, शेळी, कोंबडी आणि कडेवर पोर, असा सारा संसार त्या वाहनात असतो.

या कड्याला २०२२ साली आगगाडी आली. २३ सप्टेंबरला नगर–आष्टी गाडी सुरू झाली. नारायणडोह, न्यू लोणी, सोलापूरवाडी, न्यू धानोरा, कडा आणि न्यू आष्टी अशी तिची स्थानके, आणि सगळी वाट ६६ किलोमीटरची. मुंबई–पुण्याच्या वाचकाला यात काय विशेष, असे वाटेल. पण ज्यांच्या दोन पिढ्या ‘रेल्वे येणार’ हे शब्द ऐकत म्हाताऱ्या झाल्या, त्यांना विशेष वाटले. त्या दिवशी अनेकांच्या तोंडी ज्या माणसाचे नाव होते, तो मात्र ती पाहायला नव्हता. गोपीनाथराव मुंडे यांना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती.

नाथऱ्याचा मुलगा

परळी तालुक्यातील नाथरा या खेड्यात १२ डिसेंबर १९४९ रोजी गोपीनाथरावांचा जन्म झाला. वडील पांडुरंग, आई लिंबाबाई. वंजारी समाजातले, बेताच्या शेतीवर गुजराण करणारे हे कुटुंब. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांत या समाजाची माणसे फार मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे कोयता आणि मुकादमाची उचल म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

शिक्षणासाठी ते अंबाजोगाईला आले आणि तेथे त्यांची एका तरुणाशी गाठ पडली. तो तरुण म्हणजे प्रमोद महाजन. एक खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, दुसरा अंबाजोगाईच्या शिक्षकाच्या घरातला. पण विद्यार्थी परिषदेच्या कामात दोघांचे असे जमले, की ती मैत्री पुढे नात्यात बदलली. १९७८ साली महाजनांची बहीण प्रज्ञा मुंड्यांच्या घरी सून म्हणून आली. पुण्याला कायद्याचे शिक्षण, मग आणीबाणी आणि नाशिकचा तुरुंग. त्या काळातल्या कितीतरी कार्यकर्त्यांप्रमाणे मुंडेही तुरुंगातून बाहेर पडले ते पक्के राजकारणी होऊनच.

१९८० साली ते रेणापूरमधून विधानसभेवर निवडून आले. १९८५ ला त्याच मतदारसंघाने त्यांना पाडले. पुढे १९९० पासून २००९ पर्यंत मात्र रेणापूरने त्यांना सोडले नाही.

शेटजी-भटजींच्या पक्षात

ज्या पक्षात ते होते, त्या पक्षाला तेव्हा गावोगाव ‘शेटजी-भटजींचा पक्ष’ म्हणून हिणवत. वसंतराव भागवत यांनी ही अडचण ओळखली. माळी, धनगर आणि वंजारी अशा समाजांतले कार्यकर्ते पुढे आणायचे, हे त्यांचे सूत्र पुढे ‘माधव’ या नावाने ओळखले गेले. मुंडे हे त्या सूत्राचे सर्वांत मोठे फळ. १९८६ मध्ये ते पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आत होते.

पण केवळ जातीच्या गणिताने माणूस लोकनेता होत नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे की नाही, या प्रश्नावर मराठवाड्यात घरे जळाली, माणसे मारली गेली. मते जपायची असतील तर या प्रश्नावर गप्प बसणे सोयीचे होते. मुंड्यांनी नामांतराची बाजू घेतली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला.

डिसेंबर १९९१ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. त्यांच्या राजकारणातला हा सर्वांत तेजस्वी काळ. गुन्हेगारी आणि राजकारण यांच्या साटेलोट्याचा विषय त्यांनी सभागृहातून चव्हाट्यावर आणला. शिवनेरीपासून संघर्षयात्रा काढून ते गावोगाव हिंडले. मार्च १९९५ मध्ये शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांचे सरकार आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि नाथऱ्याचा मुलगा उपमुख्यमंत्री व गृहमंत्री.

जमा आणि खर्च

लोकनेत्याविषयी लिहिताना जमेची बाजू तेवढी मांडायची, ही आपली जुनी खोड. मुंड्यांच्या बाबतीत तसे करण्याची गरज नाही.

मुंबईतल्या टोळ्यांवर त्यांच्या गृहखात्याने जरब बसवली, असे त्यांचे चाहते सांगतात आणि त्यात तथ्य आहे. मात्र याच काळात पोलिसांच्या चकमकींविषयी प्रश्नही विचारले गेले. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, अशी त्यांची घोषणा घरोघर पोचली होती. सत्तेवर आल्यावर सरकारने १९९५ साली तो करार रद्द केलाही, पण पुढच्याच वर्षी नव्या वाटाघाटी करून तो पुन्हा उभा केला. २००९ च्या निवडणुकीत आपला आठ कोटी रुपये खर्च झाला, असे २०१३ साली ते जाहीर भाषणात बोलून गेले आणि निवडणूक आयोगाची नोटीस त्यांनी स्वतःवर ओढवून घेतली.

हिशेब मांडून पाहिला, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जवळजवळ पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत राज्याची सत्ता या माणसाच्या हाती साडेचार वर्षे होती. बाकी सारा काळ विरोधी बाकांवर गेला. मग त्यांच्यामागे लाखोंचा जनसमुदाय कशामुळे उभा राहिला?

कोयत्याचा वकील

त्याचे उत्तर उसाच्या फडात आहे. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. म्हणजे माणसे दोन, पण हिशेबाला एक. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायचे. राहायला पाचटाची कोपी. पोरांची शाळा सुटते ती बहुधा कायमची. हे लोक सहा महिने गावात नसतात. गावात नसल्यामुळे ग्रामसभेत नसतात, रेशनच्या रांगेत नसतात आणि कारखान्याच्या गावी तर ते परकेच. ज्याचा पत्ताच ठरलेला नाही, त्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकायचे?

मुंड्यांनी ते ऐकले. मजुरीचे दर वाढवून घेण्यासाठी त्यांनी संप केले, करार केले. साखर कारखानदारांच्या बाजूने शरद पवार आणि तोडणी मजुरांच्या बाजूने गोपीनाथ मुंडे, असा लवाद बसे आणि त्याचा शब्द दोन्हीकडे मानला जाई. दरवर्षी दसऱ्याला भगवानगडावर ते बोलत. हा मुहूर्तही विचार करण्यासारखा आहे. दसरा म्हणजे सीमोल्लंघन; आणि कोयता घेऊन शीव ओलांडण्यापूर्वीचे या माणसांचे ते अखेरचे एकत्र येणे. बाहेर पडताना आपल्या पाठीशी कोणीतरी आहे, एवढी शिदोरी ती माणसे गडावरून घेऊन निघत.

दिल्ली

३ मे २००६ रोजी प्रमोद महाजन गेले आणि मुंड्यांचा दिल्लीतला आधार तुटला. पक्षातल्या नेमणुकांवरून २००८ साली त्यांनी रागाने पदांचे राजीनामे दिले आणि मागेही घेतले. २००९ मध्ये बीडमधून ते लोकसभेवर गेले आणि तेथे पक्षाचे उपनेते झाले. इतर मागास वर्गांची जनगणनेत वेगळी मोजणी व्हावी, हा आग्रह त्यांनी तेथे धरला. नगर–बीड–परळी रेल्वेचा पाठपुरावाही थांबला नाही. ही मागणी त्यांच्याही आधीची. २६१ किलोमीटरचा हा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला खरा, पण पैसा थेंबाथेंबाने येई. पुढे निम्मा खर्च राज्याने उचलायचे ठरले, तेव्हा कामाला थोडी गती आली.

२०१४ च्या निवडणुकीत त्यांच्यासमोर उभे होते आष्टीचेच आमदार सुरेश धस. कड्याच्या माणसाला घरचा उमेदवार आणि जिल्ह्याचा नेता यांत निवड करायची होती. मुंडे सुमारे १ लाख ३६ हजार मतांनी निवडून आले. २६ मे रोजी त्यांनी केंद्रात मंत्रिपदाची शपथ घेतली. खाते मिळाले ग्रामविकासाचे. खेड्याला काय हवे हे ज्याने जन्मभर सांगितले, त्याच्या हाती देशातल्या खेड्यांची किल्ली आली.

ती आठच दिवस राहिली. ३ जूनच्या पहाटे सत्कारासाठी बीडकडे येण्याकरिता ते दिल्लीच्या विमानतळावर निघाले होते. वाटेत त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. वय ६४. दुसऱ्या दिवशी परळीला जनसागराच्या साक्षीने कन्या पंकजा यांनी चितेला अग्नी दिला. काही महिन्यांनी झालेल्या पोटनिवडणुकीत दुसरी कन्या डॉ. प्रीतम जवळजवळ ७ लाखांच्या मताधिक्याने निवडून आल्या. ती मते बव्हंशी गेलेल्या माणसाला होती.

मागे काय उरले?

गाडी २०२२ साली कड्याला आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, बीडला पोचली. ऊसतोड कामगारांसाठीच्या कल्याण महामंडळालाही मुंड्यांचे नाव देण्यात आले.

पण वाचकहो, एक गोष्ट विसरून चालणार नाही. ऊसतोडीची माणसे या गाडीने जात नाहीत. तिला कारखान्याचा फड ठाऊक नाही आणि तिच्या डब्यात शेळी, पाण्याची टाकी व सारा संसार मावत नाही. त्यांच्यासाठी मुकादमाचा ट्रकच येतो. दसऱ्यानंतर कड्याच्या रस्त्याने तो पूर्वीसारखाच जातो आणि थोड्या अंतरावरून रुळांवरची गाडी जाते.

गोपीनाथरावांच्या आयुष्याचा हिशेब या दोन वाहनांमध्ये आहे. एक त्यांनी आणायला लावले. ते उशिरा का होईना, आले. दुसरे थांबवायचे होते. ते थांबले नाही. ज्या दिवशी कड्याचा तरुण दिवाळी घरी करील आणि भाऊबीज आटोपून कामावर जाण्यासाठी तिकीट काढून त्या गाडीत बसेल, त्या दिवशी ती गाडी खरोखर कड्याला पोचली, असे म्हणता येईल.