पायांचा ठेका हातांशी जुळवा

पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा आणि विहिरीत किंवा नदीत उतरायचे, ही आपली पोहायला शिकण्याची जुनी रीत. उल्हास आणि काळू नद्यांच्या काठची माणसे याच रीतीने पट्टीची पोहणारी झाली. पण असा गडी ठाण्या-डोंबिवलीच्या तरणतलावात फ्रीस्टाइल, म्हणजे पालथे पडून एकेक हात आळीपाळीने पुढे टाकत, पोहू लागला की पुष्कळदा लवकर दमतो. असे का व्हावे?

तो पाय झोडपतो म्हणून. मांडीचे स्नायू मोठे. ते फार प्राणवायू खातात. फ्रीस्टाइलमध्ये शरीर पुढे नेण्याचे काम मुख्यतः हातांचे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. तरी 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. बाहूंचे बळ ते केवढे!

मग पाय कशाला? अंग आडवे राहावे आणि तोल सांभाळावा म्हणून.

आता मेळ कसा घालायचा ते पाहू. चालताना उजवा हात पुढे येतो तेव्हा डावा पाय पुढे पडतो ना? पाण्यातही तसेच. उजवा हात पुढे पाण्यात शिरला की डाव्या पायाचा ठोका खाली द्यावा. त्याने कंबर वळते आणि पाणी मागे ओढणाऱ्या डाव्या हाताला जोर मिळतो. मग डावा हात, उजवा पाय. लांब पल्ल्याला दोन हातांमागे असे दोन ठोके पुरतात. वेगाने जायचे तर दर हाताला तीन, म्हणजे एकूण सहा. मनात 'एक-दोन-तीन' म्हणावे. 'एक' नेहमी विरुद्ध पायाचा. ठोका मांडीपासून यावा, गुडघा थोडाच वाकावा, घोटा सैल असावा.

गुरुजनांनी हा ठेका आधी जमिनीवर, लेझमीसारखा मोजून घ्यावा. मग काठ धरून नुसते पाय आणि शेवटी दोन्ही मिळून. तोंड पाण्यात असताना श्वास सोडीत राहावे. रोखून धरू नये.

आणि एक सांगणे. हा सराव कमरेइतक्या संथ पाण्यात, पोहणारा जाणता माणूस जवळ असतानाच करावा. पावसाळ्यातल्या उल्हास नदीत मुळीच नको. तिथे ओढीपुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही.