गाऱ्हाणे समुपदेशकापुढेही घालावे

मालवण किनाऱ्यावरील गावांत ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत जुनी आहे. मनातील सल तेथे चारचौघांदेखत सांगितला जातो, कौल लावला जातो आणि निर्णय लगेच कळतो. हाच माणूस मानसोपचारासाठी समुपदेशकापुढे बसतो तेव्हाही त्याला कौलाचीच अपेक्षा असते. समुपदेशक मात्र निकाल देत नाही. तो प्रश्न विचारतो, ऐकतो, कित्येकदा गप्प राहतो. ते मौन म्हणजे नापसंती, असा अर्थ लावून माणूस सभ्यपणे मान डोलावतो आणि पुन्हा फिरकत नाही. त्याला बरे वाटले असावे, अशी समुपदेशकाची समजूत होते. दोघांचाही ग्रह चुकीचा. आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

असमाधानी माणसापुढे दोन मार्ग असतात, असे अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडले : निघून जाणे किंवा तक्रार बोलून दाखवणे. मोठ्या शहरात एक समुपदेशक सोडून दुसरा गाठता येतो. सिंधुदुर्ग हा १९८१ साली निर्माण झालेला लहान जिल्हा. प्रादेशिक मनोरुग्णालय शेजारच्या रत्नागिरीत. येथे समुपदेशकाला सोडणे म्हणजे बहुधा उपचारच सोडणे होय. म्हणूनच बोलून दाखवण्याचे मोल येथे अधिक आहे.

दुसरी शंका गुप्ततेची. ज्या गावात सर्वांना सर्वांची खबर असते, तेथे ती स्वाभाविकच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे. परंतु जिवाला धोका असेल तर त्याला अपवादही ठेवले आहेत. हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजेत. ते मागाहून कळले, तर कायदेशीर कृतीही विश्वासघात वाटते.

एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली उपचारातील सहकार्याची तीन अंगे सांगितली : उद्दिष्टाविषयी एकमत, मार्गाविषयी एकमत आणि परस्परांतील जिव्हाळा. पहिली दोन अंगे बोलल्यावाचून सिद्ध होत नाहीत. मग बोलण्याची सुरुवात कोणी करावी? ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याने. ‘माझे काही खटकले का?’ हा प्रश्न समुपदेशकाने प्रत्येक भेटीत विचारावा. आणि ‘काल तुम्ही गप्प राहिलात, ते मला लागले’, असे सांगण्यात आगाऊपणा नाही, हे समोरच्याने जाणावे.

गाऱ्हाणे घालणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. ऐकले जाईल अशी आशा जेथे असते, तेथेच माणूस गाऱ्हाणे घालतो.